जुनं फडकं, एक

माय, तुझी चुंभळ उद्या जहाजावर चढणार आहे. तू वर्ध्याच्या बाजाराच्या पलीकडे कधी गेली नाहीस. समुद्र कसा असतो म्हणून विचारलं तर धाम नदीच्या पुराकडे बोट दाखवायचीस आणि म्हणायचीस, "असाच. फक्त उतरत नाई." आणि आता मोळीखाली डोक्यावर ठेवायची तुझी ती जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी जपानला निघाली आहे. खोकं मीच बनवलंय, देवदाराच्या फळ्यांचं, आत सुक्या गवताचं अस्तर दिलंय. झाकण अजून ठोकलेलं नाही. उद्या सकाळी गोदीतला माणूस न्यायला येईल, तोवर ठोकून, वर यादी डकवून तयार ठेव, असं साहेब सांगून गेलेत. आज रविवार आहे, दुपार आहे, शेडमध्ये मी एकटाच आहे. हातोडी समोर पडलीय आणि उचलवत नाही. फार थकलोय, माय. कामानं नाही. काम तर एवढंसं आहे, सोळा खिळे.

तू गेलीस त्याला आता तेरा वर्षं होतील. तेव्हा मी चौथीतून नाव काढलेला, गुडघे फुटलेला पोट्टा होतो. त्यानंतर बूड कुठं टेकलं नाही बघ. वर्ध्याच्या जिनात सरकी उचलली, तिथली धूळ सोसेना म्हणून नागपूरला लाकडाच्या वखारीत गेलो, तिथं रंधा धरायला शिकलो, आणि रंधा येतो एवढ्यावर मुंबईची गाडी धरली. इथं आधी एका दुकानात तसबिरींच्या चौकटी बनवायचो. पहिल्याच दिवशी सांधा चिकटवायला "मले सरस द्या" म्हणालो तर सगळं दुकान हसलं. पुढं सहा महिने माझं नावच 'मले' पडलं. "ए मले, चहा सांग." "ए मले, तुले कोणी बोलावलं?" मग मी 'मला' म्हणायला शिकलो, रस्त्यानं चालता चालता, घोकून घोकून. आता तुला लिहितानाही हातातून 'मला'च उतरतं. तुझ्या कानाला ते परक्यासारखं लागेल, पण तो हात आता वळत नाही.

त्या दुकानातून एका चित्रकारानं मला उचललं. हेच साहेब. त्यांच्या बंगल्यामागं पत्र्याची शेड आहे, तिथं मी त्यांच्या चित्रांच्या चौकटी बनवतो, कापड ताणून ठोकतो, रात्रीला तिथंच पडतो. मला ते वऱ्हाडी म्हणतात. आपला वर्धा काही वऱ्हाडात नाही, हे एकदा सांगून पाहिलं. "अरे, नागपूरच्या अलीकडलं सगळं वऱ्हाडच," म्हणाले. माणूस वाईट नाही. हातचं काम बिघडलं की ओरडतो आणि तासाभरानं स्वतःच्या हातानं चहा आणून देतो. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या बाई एका जपानी बाईंकडे फुलं मांडायला शिकायला लागल्या. त्या जपानी बाईंचे मालक इथं कुठल्याशा कंपनीत मोठ्या जागेवर आहेत. फुलं मांडायला काय शिकायचं, असं तू म्हणशील. मीही म्हणालो होतो. फुलं म्हणजे हारात ओवायची नाहीतर देवावर घालायची, एवढंच आपल्याला ठाऊक. या जपानी बाई एका पसरट भांड्यात पाणी घ्यायच्या, त्यात टोकं वर केलेल्या खिळ्यांची एक जड चकती ठेवायच्या, आणि तीनच काड्या त्या खिळ्यांवर उभ्या करायच्या. एक लांब, एक तिच्याहून थोडी आखूड आणि कललेली, एक अगदी बुटकी. एखादं फूल, नाहीतर तेही नाही. मग मागं सरकून बसायच्या आणि बघायच्या. वर्ग साहेबांच्या घरी व्हायचा, त्या दिवशी भांडी-पाणी न्यायला मला आत बोलवायचे. बाईंना मोडकंतोडकं हिंदी यायचं. पहिल्या दिवशी एकेका काडीला बोट लावून त्या म्हणाल्या, "ये आकाश. ये आदमी. ये मिट्टी."

मी पाण्याची बादली हातात घेऊन दारात उभा होतो. बादली खाली ठेवायचं सुचलं नाही. कारण मला एकदम तू दिसलीस, आपल्या पवनारच्या शेतात, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उकिडवी बसलेली. कापूस वेचून संपला की शेतकऱ्याची पऱ्हाटी आपण उपटून द्यायची, अर्धी त्याची, अर्धी आपली, असा तुझा ठराव असायचा. त्या वाळल्या झाडांची मोळी बांधून तू वर्ध्याला नेऊन विकायचीस. मोळी बांधायला बसलीस की आधी तीन काड्या निवडायचीस. मी म्हणायचो, कोणत्याही घे ना. तू डोळे वटारायचीस. "कोनत्याइ कशा घेऊ? ही पाय, ही सासू. उभी, ताठ, कोनाचं आयकत नाई. ही सून, सासूकडे झुकून पाहून राह्यली, पन अंगाले अंग लावत नाई. अन् ही बुटकी वाकडी हाय ना, ही ननंद. दोघीच्या मंधात नाक खुपसते. या तिघी एका घरात नांदल्या का मोळी बसली म्हून समज." आणि स्वतःच हसायचीस, पदरानं तोंड पुसत. तुला ना सासू राहिली होती, ना ननंद. बा तर मला आठवतच नाही. कुणाचा राग त्या काड्यांवर काढायचीस कोण जाणे.

एकदा मी तुझ्या आधी उठून बसलो आणि सगळ्या सरळ काड्या निवडून मोळी बांधली. वाकड्या बाजूला फेकल्या. मला वाटलं, तू खूश होशील. तू मोळी नुसती हातानं हलवलीस, आतल्या काड्या सरकन पुढं निघाल्या, अर्धी मोळी मातीत पडली. पाठीत धपाटा बसला तो अजून आठवतो. "वाकडी फेकली काऊन? वाकडीच त धरून ठेवते साऱ्याइले! सरळ-सरळ काड्या एकमेकीले कायले धरतीन?" मग पुन्हा बांधायला बसलीस. बांधून झाल्यावर खालच्या अंगानं मोळीत मूठ घालून खड्डा केलास. "अन् डोक्याले जागा ठेवाची. गच्च भरली का मान मोडते." मी रडत होतो, तू मला ती चुंभळ दिलीस धरायला. मी तिची टोपी करून डोक्यावर घातली, तर रागातच हसलीस. "काढ ते. ओझ्याबिगर चुंभळ घालशीन त याड्यावानी दिसशीन." हे सगळं त्या बैठकीच्या दारात मला दिसत होतं, आणि साहेबांच्या बाई म्हणत होत्या, "अरे, पाणी सांडतंय."

त्या वर्गाचं वेड घरच्या बाईंपेक्षा साहेबांनाच जास्त लागलं. त्यांची चित्रं बदलली. आधी कापड कोपऱ्यापर्यंत रंगानं भरायचे, आता मोठं पांढरं कापड ताणायला लावायचे आणि त्यावर तीनच काळ्या रेघा ओढून ब्रश ठेवून द्यायचे. मित्र यायचे, म्हणायचे, "हे काय, रंग संपला वाटतं?" साहेब म्हणायचे, जे काढलं नाही तेच चित्र आहे. मला त्यातलं सगळं कळलं असं नाही. पण डोक्याला जागा ठेवायची, एवढं कळलं. मग त्यांना वाटू लागलं की चित्राच्या पुढं खरी काडीही उभी करावी, दोन्ही मिळून एक. जपानी बाई म्हणाल्या होत्या म्हणे, की बाजारातलं नको, आपल्या पायाखाली जे उगवतं ते घ्या. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्याकडे काय उगवतं रे?"

"पऱ्हाटी," मी म्हणालो.

"ती! नागपूरला जाताना गाडीतून बघितलीय मी. फाल्गुनात. कापूस निघून गेलेला आणि प्रत्येक फांदीवर उघडी बोंडं, चांदण्या लावल्यासारखी. जा, घेऊन ये."

म्हणून मी गेल्या फाल्गुनात पवनारला गेलो. तू गेल्यावर पहिल्यांदाच. मावशी ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं मला ओळखलं, पण कशाला आलो हे तिला समजावता समजावता माझी दमछाक झाली. "मुंबईहून पऱ्हाटी न्याले आला? काऊन, तुह्या सायबाची चूल पेटत नाई का?" मी म्हणालो, जाळायला नाही, ठेवायला. "ठेवाले? कुठी?" दिवाणखान्यात. तिनं सूप खाली ठेवलं. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आयक वं, हा पोट्टा मुंबईले जाऊन वाया गेला." त्या दोघी हसल्या, मीही हसलो. कित्येक वर्षांनी कुणी मला मनापासून हसलं, बरं वाटलं. दुपारभर मी तुझ्याच त्या शेतात पऱ्हाटी उपटत होतो. हाताला फोड आले. रंध्याचे घट्टे वेगळ्या जागी असतात. निघताना मावशीनं खुंटीवरची चुंभळ काढून माझ्या हातात दिली. "मोळी का बोडक्या डोक्यावर नेशीन? हे घे. तुह्या मायची हाय. तिच्या मांगं मीच वापरून राह्यली होती. आता माह्याच्यानं ओझं होत नाई." तुझ्या त्या हिरव्या लुगड्याचा काठ अजून ओळखू येत होता. तुझं म्हणून घरात उरलेलं तेवढंच. मी ती डोक्यावर ठेवली, वर मोळी घेतली आणि मोटारीच्या थांब्यापर्यंत चालत आलो. मान दुखली. पण माय, मोळी हलली नाही.

आता माझी चूक ऐक. मोळी बांधायच्या आधी मी प्रत्येक पऱ्हाटी जमिनीवर दोन-तीनदा आपटली. तू आपटायचीस तशीच. "टरफल मानंत रुतते, डोयात गेलं त रस्ता कोन पायते?" हातालाच ती सवय, डोक्यानं विचारच केला नाही. वाळल्या बोंडांची सगळी टरफलं तिथंच शेतात गळून पडली. मी ती पायानं बाजूला सारली आणि स्वच्छ मोळी बांधली. मुंबईत शेडमध्ये साहेबांनी दोरी सोडली. एक काडी उचलली, दुसरी उचलली, तिसरी. "चांदण्या कुठं आहेत?" मी म्हणालो, झाडून आणल्यात, टोचतात ना. ते एवढे ओरडले की बंगल्यातून बाई धावत आल्या. "तुला मी जळण आणायला पाठवलं होतं का? दोन दिवसांचा प्रवास करून तू नेमकं तेच फेकून आलास ज्याच्यासाठी पाठवलं!" मग एकदम आवाज उतरला त्यांचा. "चूक माझीच. तुला काय ठाऊक." ओरडणं मी विसरलो. ते 'तुला काय ठाऊक' विसरलो नाही. त्या वेळी साहेबांनी चहाही आणला नाही. काम सोडून निघून गेले. प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि मला वाटलं, आता इथूनही चंबूगबाळं उचलायचं. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. नुसता कंटाळा आला. पुन्हा नवी जागा, नवी माणसं, नवं हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड झाडताना मी ती पऱ्हाटी गोळा करत होतो. जळणाचीच तर होती. गोळा करता करता हातात सासू आली. मग सून शोधली. ननंद सापडायला वेळ लागला, ढिगाच्या तळाशी होती, अशी वाकडी की तू असतीस तर टाळी दिली असतीस. बाईंच्या त्या खिळ्यांच्या चकतीवर एवढ्या जाड काड्या उभ्या राहीनात. कोपऱ्यात पाण्याचा जुना माठ होता, तोंड फुटलेला, त्यात वाळू भरली आणि तिघी रोवल्या. माठाचं बूड गोल, तो कलायला लागला. मग तुझी चुंभळ काढली आणि त्याखाली सरकवली. माठ बसला. मी मागं सरकलो. साहेबांनी आधीच ताणून घेतलेलं पांढरं कापड पाठीमागं उभं होतं. चांदणी एकही नव्हती, फुलाचं नाव नव्हतं. तू शेतात मोळीला सुरुवात करायचीस तेव्हाचं ते होतं, बाकीच्या काड्या यायच्या आधीचं.

मागं पायरव झाला. साहेबांबरोबर जपानी बाई आल्या होत्या, काम का थांबलं ते बघायला. त्या दारातच थांबल्या. चपला काढल्या. पत्र्याच्या त्या शेडमध्ये, भुसा पडलेल्या जमिनीवर, त्या गुडघे मोडून बसल्या. वर्गात त्या शिकणाऱ्या बायकांच्या काड्या नेहमी थोड्या सरकवायच्या, इकडे बोटभर, तिकडे बोटभर. इथं त्यांनी हात लावला नाही. साहेबांना विचारलं, "कौन?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "ये." बाईंनी मला विचारलं, "कहाँ सीखा?"

माय, तेव्हा तुझं नाव माझ्या तोंडात आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. सासू, सून, ननंद, तो धपाटा, सगळं. पण ते सांगायचं तर पऱ्हाटी विकणारी बाई आली, जळण आलं, 'मले' आलं. मी म्हणालो, "आपको देखके." त्या हसल्या नाहीत. बोट खाली नेऊन त्यांनी चुंभळ दाखवली. "और ये? किसका?"

मी म्हणालो, "बाजार का."

त्या चुंभळीपुढं थोड्या वाकल्या. आपण देवळात वाकतो तेवढं नाही, थोडंच. त्यांना काय कळलं मला माहीत नाही. साहेबांनी मात्र त्याच दिवशी मागच्या कापडावर तीन रेघा ओढल्या, तिघींची सावली पडावी तशा, आणि तेच प्रदर्शनात गेलं. लोक आले, थांबले. खालच्या चिठ्ठीवर छापलं होतं, आकाश, माणूस, धरती. मी चौकटीची पट्टी पुसायच्या निमित्तानं तिथंच घोटाळत होतो. एक म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होते, ही उंच काडी म्हणजे परमात्मा. ती बिचारी म्हणाली, "मला तर ही धाकटी चोंबडी वाटते." इतकं हसू आलं मला. तिच्याशी बोलावंसं वाटलं. नाही बोललो.

आता त्या जपानी बाईंच्या मालकांची बदली झाली, त्या मायदेशी परत चालल्यात. तिकडे त्यांच्या गुरूंच्या घरी हे चित्र आणि ही मांडणी लोकांना दाखवायची आहे, म्हणून साहेबांनी ते देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. काड्या तिकडच्याही चालल्या असत्या, माठ तिकडचाही चालला असता, पण बाई म्हणाल्या, सगळं असंच, यातलं काही बदलायचं नाही. मला कुणी विचारलं नाही. का विचारतील? बाजारातलीच ना ती.

आज सकाळपासून मी दोनदा ती बाहेर काढली. दुसरी करून ठेवावी म्हणून माझं जुनं धोतर फाडून पीळ दिला, गुंडाळली. हुबेहूब झाली. बोटं अजून विसरली नाहीत. कुणाला फरक कळला नसता. मग तुझी घेऊन मी माझ्या ट्रंकेत ठेवली, कपड्यांवर. आणि ट्रंकेचं झाकण उघडंच ठेवून बघत बसलो. तिच्यावर काही नव्हतं. नुसती पडली होती, चापट, रिकामी, खरंच कुणी टाकून दिलेल्या फडक्यासारखी. डोक्यावर ठेवून पाहिली, तर भिंतीवरच्या आरशात याडा दिसलो. पुन्हा माठाखाली सरकवली, तेव्हा कुठं ती चुंभळ दिसायला लागली. धोतराची केलेली ती मी कानस पुसायला घेतली. जाऊ दे तिला. तू कधी रिकाम्या डोक्यानं चालली नाहीस, तीही नको.

राहिली ती यादी. साहेब निघता निघता सांगून गेले होते आणि मी लिहून घेतलं होतं. त्यावरून गोदीतला कारकून इंग्रजी करणार. चित्र एक. माठ एक, फुटका. सुक्या काटक्या तीन. मग साहेब चुंभळीकडे बघून क्षणभर अडले. "याला काय म्हणतात रे? असू दे, लिही, जुनं फडकं, एक." मी लिहिलं. ते गेल्यावर ठरवलं होतं की ते खोडायचं आणि तिथं तिचं नाव लिहायचं. मायची असं नाही लिहायचं, एवढी हिंमत नव्हती. नुसतं नाव. पेन्सिल तासली, 'फडकं' या शब्दावर रेघ मारायला टेकवलीसुद्धा. आणि अडलो. चौथीपर्यंत हा शब्द कधी लिहायला आला नाही. तू म्हणायचीस 'चुंभळ'. इथं भाजीवाल्या बायांच्या तोंडून मी 'चुंबळ' ऐकलंय. ब की भ, मला ठरवता येईना. चुकलं तर तो कारकून हसेल, साहेबांना दाखवील, पुन्हा तेच 'मले' सुरू होईल असं वाटलं. तासभर यादी समोर घेऊन बसलो होतो. त्यात हा कागद लिहायला घेतला, म्हटलं लिहिता लिहिता सुचेल.

मघाशी उठून खळ लावली आणि यादी तशीच डकवली. मग सोळाही खिळे ठोकले. हा कागद खोक्यात टाकायचा होता, तोही बाहेरच राहिला. तिकडे मराठी कुणाला येत नाही, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं.

एका अक्षरापायी राहिलं, माय. दुसरं काही नव्हतं. मले लाज वाटली. पन इथं, या कागदावर, जितक्या वेळा लिहिली, तितक्या वेळा भ नंच लिहिली.